दीड हात

राजधानीतल्या समितीच्या दोनशे बारा पानांत
आमच्या भटारखान्याच्या वाट्याला एकच ओळ:
‘सुरीची साखळी काढावी.’

सोमवारी वेल्डर आला, कापून गेला.
टेबलावर उरला
कडीचा काळा डाग.

क्वार्ल्स एकोणीस वर्षं कांदे चिरतोय.
आजही सुरी
दीड हातावर आपसूक थबकते,
आणि पलीकडचा कांदा
तो डाव्या हाताने ओढून घेतो.

मी ओडेगार्ड, पहारेकरी.
खिडकीबाहेर डकोटाचा बर्फ, चार दिवस तोच.
मीही अजून उभा राहतो
साखळी संपायची
तिथून एक पाऊल मागे.

‘मीठ बघ रे जरा,’
म्हणत त्याने पळी पुढे केली.

दोघांनाही थोडं वाकावं लागलं.