चाळीस पावलांवरचा कागद

मतमोजणीनंतर तिसऱ्या दिवशी
वाळपईच्या ठाण्यातून बंदूक घरी आली.
दोन महिने लोखंडी कपाटात उभी,
गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी:
झिलू गावस, नगरगाव, बारा बोअर, दुनळी.
बाबांनी नळ्यांतून उजेड पाहिला, म्हणाले,
"आपलीच. पण विचारून घ्यायला हवं."

विचारायचं ते चिरेखाणीत.
खाण बंद पडली तेव्हा मी शाळेत होते.
तांबडी भिंत दोन पुरुष उंच,
पलीकडे वस्ती नाही, गुरं नाहीत;
तरी फटू वर चढून दोनदा हाळी देऊन आला.

कागद मोठा हवा होता,
आणि गावात मोठा कागद एकाच माणसाचा उरलेला:
हात जोडलेला, हसरा, खांबाखांबावर.
आम्ही त्याचं तोंड भिंतीकडे केलं,
कोरी पाठ आमच्याकडे.
कोपऱ्यांना चार चुका.

मी पिसुर्ल्याच्या कारखान्यात औषधाच्या गोळ्या तपासते,
म्हणून म्हटलं, एका कागदावर जाऊ नका,
दर नळीला दहा तरी हवेत.
"दहा? वर्षाची काडतुसं इथेच सरतील गो."
तीनवर तडजोड झाली.

घरून निघण्याआधी एक काडतूस ब्लेडने कापून
मी आईच्या सुपात ओतलं होतं.
सहा नंबर. मोहरीहून मोठा, मिऱ्याहून बारीक,
वेताच्या पट्ट्यांतून घरंगळणारं शिसं.
दोनशे सत्त्याऐंशी.
आईने ते सूप परत घेतलं नाही.

डावी नळी तोंडाशी आवळलेली, उजवी मोकळी.
म्हापशाचा सांतान मिस्त्री म्हणायचा,
उजवी गप्पिष्ट, डावी मोजकं बोलणारी.
चाळीस पावलं, बाबांची.
बार झाला, खाणीने तो तीनदा परत दिला,
काजूच्या बागेतलं कुत्रं भुंकत सुटलं.

जिथे भोकं दाट तिथे खिळा,
खिळ्याला पंधरा इंच सुतळी, सुतळीला पेन्सिल.
वर्तुळातलं एकेक भोक मी तांबड्या पेनाने टिपलं,
एकही दोनदा मोजू नये म्हणून.
डावी: एकशे अठ्ठ्याण्णव. दोनशे चार. एकशे एकाहत्तर.
(तिसऱ्या वेळी बाबांनी श्वास धरला नव्हता.)
उजवी: एकशे एकतीस, आणि त्याच्याच आसपास.
चार नंबर डावीतून घातला तर सगळं विस्कटलं;
तो तिला मानवत नाही, का ते कुणाला माहीत नाही.

उजवीच्या दुसऱ्या कागदावर,
वर्तुळाच्या आत, डावीकडे खाली,
तळहाताएवढी जागा कोरीच राहिली होती.
बाबांनी तिथे तळहात ठेवला. बसला.
बराच वेळ काढला नाही.

फटूने मग विचारलंच,
"पण झिलबा, तू तर बार हवेतच काढतोस.
डुकरं पळाली की झालं. मग हे कशाला?"
बाबा कागदाची गुंडाळी करत होते.
"हवेत काढतो ते मी ठरवतो म्हणून," ते म्हणाले,
"लागत नाही म्हणून नव्हे.
हे आपल्याला ठाऊक असायला हवं."

गुंडाळताना कागद उलटला.
तो माणूस अजून हसत होता,
एका गालावर एकशे एकतीस उजेड घेऊन.
फटूला हसू आवरेना. बाबा हसले नाहीत,
कागद घडी घालून चुलीसाठी पिशवीत ठेवला.

त्या रात्री बोंडवांच्या वासावर कळप आला.
कुळागराच्या कडेला फुरफुर, ओल्या मातीत नांगरट.
बाबांनी दार उघडलं, नळी वर केली,
उजवी. मोकळी.
वर चाळीस पावलांवर कागद नव्हता.

थोड्या वेळाने,
कळप ओढा ओलांडून गेल्यावर,
पोफळींच्या झावळ्यांवर शिसं उतरू लागलं,
टिप, टिप-टिप, लांब, जवळ, पत्र्यावर एक.
मी अंथरुणात मोजत होते, न ठरवता.
एकोणीसपर्यंत आले
आणि आईने कूस बदलली.