उष्टावण

फोडणी खोटं बोलत नाही.
मोहरी तापली की तडतडते,
शेजारीण काय म्हणेल हे विचारून नाही.

बाकी घरात सगळं ठरलेलं आहे.
बाळ आईचं.
अडतिसाव्या वर्षी, देवाची करणी.
मी ताई.
सहा महिने आम्ही दोघी जतला आत्याकडं होतो,
ते आत्याच्या पाठीच्या दुखण्यासाठी.
तो पुण्यात असतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला.
त्याच्याबद्दल एवढंच. गॅसवर दूध आहे.

गल्लीतल्या बायकांनी आईसाठी अळिवाचे लाडू आणले होते.
आई त्यांच्यासमोर अर्धा खायची,
उरलेले रात्री माझ्या उशाशी,
मोजून,
आणि मग शाल्मलीला माझ्या कुशीत ठेवून
आतून कडी लावायची.
बोलायची काही नाही.

हरिपूरला आमच्या घरामागं हळदीची जुनी पेवं आहेत,
जमिनीत खोल, आता रिकामी.
पप्पा मार्केट यार्डात हमाल. त्यांच्या नखांतली हळद
आंघोळीनं जात नाही.
ते सांगतात, पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
आत हवा कोंडलेली असते, माणूस तिथंच बसतो.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर थांबायचं.
हे सांगताना ते माझ्याकडं बघत नाहीत.

बारावीची फिजिक्सची वही मी दोन्हीकडून लिहिते.
पुढून भिंगाची सूत्रं.
मागून अख्खा मसूर: कांदा पाऊण तास, झाकण न ठेवता,
घाई केली तर तो रुसतो.
भडंग: लसूण सालासकट ठेचायचा.
मध्येच एका पानावर नुसतं वजन,
दोन किलो तीनशे, मिरज सिव्हिल.
अजून अकरा पानं कोरी आहेत.

आज उष्टावण.
मी पहाटे चारला उठले.
तांदूळ कोरडा भाजला, जाडसर भरडला,
मुठीनं मूगडाळ, नखाएवढा हिंग,
तुपात जिऱ्याचे चार दाणे, ते नंतर काढून टाकले.
पन्नास पानांचा मसूर मी यात्रेत हसत रांधलाय,
पण या वाटीभर भाताला
तीनदा चव घेतली आणि तिन्हीदा घाबरले.

मामानं भरवायचं असतं.
तासगावचा दादासो मामा आला,
बेदाण्याची पिशवी, चांदीचा चमचा.
पहिला घास शाल्मलीनं त्याच्या शर्टावर थुंकला.
सगळ्या हसल्या.
मामा रुमाल शोधत उठला.

तेवढ्यात पृथ्वी पुढं सरकला.
माझा भाऊ. अकरा वर्षांचा,
त्याला कुणी काही सांगितलेलं नाही.
भडंगाचे हात चड्डीला पुसले,
पाटावर मांडी घातली, चमचा घेतला.
"अरे, तू दादा तिचा! मामा भरवतो,"
कुणीतरी म्हणालं.
"माहितंय मला,"
पृथ्वी म्हणाला,
आणि चमचा पुढं केला.

शाल्मलीनं तोंड उघडलं.
आईच्या हातातलं तबक जरासं वाजलं.
पप्पा दारात उभे होते,
खूप खोल काहीतरी बघत असल्यासारखे,
आणि मला वाटलं, विझला नाही.

पाहुणे गेल्यावर पातेल्याच्या तळाची खरवड
मी उभ्या उभ्या खाल्ली.
पृथ्वीनं निम्मी मागितली. दिली.
विचारलं काहीच नाही, ना त्यानं, ना मी.
किंचित लागला होता भात.

वहीत लिहिलं:
आच अजून कमी.
तीन घास गेले, एक थुंकला.
उद्या गूळ घालून बघायचा.