ठोकून बघणे

वेंगुर्ल्यात बस्त्याव मिस्त्रीच्या माडाखाली
एकाहत्तरची हेराल्ड चिऱ्यांवर उभी.
रविवारी माणसं तीन, सल्ले तेरा.

पेडणेकर सर म्हणतात, कार्बोरेटर
रात्रभर रॉकेलात बुडवा.
रझाक पॉइंटच्या फटीत
दाढीचं ब्लेड सरकवून बघतो,
म्हणतो, चालेल. मग म्हणतो, नाही.

बस्त्याव बोलत नाही.
पान्याच्या टोकानं दाराखालचा पत्रा ठोकत जातो
टण टण टण
थप्प.

"हयसर. भायर रंग, आत खारो वारो."

काजूच्या टरफलाचं तेल लाव म्हणाला,
होडीला लावतात ते.
हाताची साल जाईल, तेही सांगितलं.

गेली हाताची साल.
सवय मात्र राहिली:
खिडकीचं ग्रिल, फ्रिजचं दार,
आणि परवा
मस्कतहून परतलेल्या थोरल्या भावाच्या पाठीवर
थाप मारली
नि आवाज ऐकत थांबलो.