अकरा सेकंद

माझ्या यंत्राला बावीस कळा.
त्यांत खोकला नाही, हुंदका नाही,
आणि गप्प बसण्यासाठी तर कळच नाही.
एकोणतीस वर्षं अलेक्झांड्रियाच्या या कोर्टात
मी बोललेलं टिपते.
न बोललेलं टिपायला कोणी सांगितलेलं नाही.

बुधवारी साक्षीला कॉर्बिन डेल्क होता.
वय सत्तावीस. प्रचारात उमेदवाराची डायरी सांभाळायचा.
नवा शर्ट, कॉलरला दुकानातली टाचणी तशीच.
सरकारी वकील ओसगुडबाई सावकाश उठल्या.
"चौदा ऑगस्टला जेवायला कोण होतं?"
"उमेदवार. मी. वकिलातीतले दोघे."
"कुठल्या?"
त्याने देशाचं नाव घेतलं.
देशांची नावं माझ्या यंत्रावर एका फटक्यात उमटतात,
सीमा, सैन्य, गोठलेली बंदरं, सगळं एका फटक्यात.

काय खाल्लं? खेकड्याच्या टिक्क्या.
काय बोललात? हवापाणी.
मग थोडं हवापाण्याच्या पलीकडचं.
बचावाचे वकील म्हणाले,
परक्यांबरोबर जेवणं हा गुन्हा असेल
तर नदीपलीकडची निम्मी हॉटेलं तुरुंगात टाका.
ज्युरीतला एक म्हातारा हसला.
मीही हसले असते. मला मुभा नाही.

पण डायरीत चौदा ऑगस्टला जेवण नव्हतंच.
तिथे होतं: दंतवैद्य, रात्री आठ.

रात्री आठला कुठला दंतवैद्य उघडा असतो,
हे ओसगुडबाईंनी विचारलं नाही.
त्यांनी विचारलं, ही ओळ बदलली कधी?
सहा नोव्हेंबर, दुपारी तीन पंचवीस.
आणि समन्स हातात पडलं?
चार वाजून दहा.

पंचेचाळीस मिनिटं.
आठवडाभर अख्खं कोर्ट त्या पंचेचाळीस मिनिटांत
अडकलेल्या लिफ्टमध्ये उभं राहावं तसं उभं होतं.
बचाव म्हणे: जी वाट अजून नव्हतीच
तिच्यावर धोंडा टाकणार कसा?
ओसगुडबाई म्हणत: वाट कुठून जाणार
हे ठाऊक नसताना धोंडा उचलतो कोण?
मग त्या कठड्याजवळ गेल्या.
"समन्स येतंय, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

कॉर्बिन डेल्कची दातखीळ बसली.
माझी बोटं कळांवर अधांतरी.
तिसऱ्या रांगेत करड्या कोटातला एकजण
चष्मा पुसत होता, पुसतच होता.
भिंतीवरचं घड्याळ मी मोजलं. अकरा सेकंद.
"नाही," तो म्हणाला.

नोंदीत आहे ते असं:
प्र. कोणी सांगितलं होतं?
उ. नाही.
एकाखाली एक. मध्ये रिकामी ओळसुद्धा नाही.

शुक्रवारी ज्युरीची चिठ्ठी आली,
ते उत्तर पुन्हा ऐकायचंय.
न्यायमूर्ती हॅलोरन म्हणाले,
"मिस ट्रुएट, वाचा. सपाट आवाजात."
सपाट वाचणं हीच माझी कमाई आहे.
खुनाचे कबुलीजबाब मी
वाणसामानाच्या यादीसारखे वाचलेत.

मी प्रश्न वाचला.
घसा कोरडा पडला. पडला, की मी पाडला,
हे मला शपथेवर विचारू नका.
पेला उचलला. पाणी प्यायले.
पेला त्याच्याच ओल्या वर्तुळावर
नीट बसवून परत ठेवला.
बारा माना वर झाल्या.
"नाही," मी वाचलं.

बचावाचे वकील खुर्चीतून अर्धे उठले,
आणि काय म्हणावं ते न सुचून बसले.

संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीत बसून
कामाची वही भरली.
तारीख. खटल्याचा क्रमांक.
पुनर्वाचन, चार मिनिटं.
पेन बराच वेळ तसंच धरून ठेवलं.
पाण्याचं काही लिहिलं नाही.