ओतकाम

शहाण्णव साल. उद्यमनगर.
भट्टीमागच्या खोलीत एक चारशे-शहाऐंशी,
कीबोर्डाच्या फटींत साच्यांची काळी वाळू.
जिनगोंडा सांगून गेलेला: भट्टीचं तापमान
पडद्यावर दिसू दे, हलतं, रंगीत.
सोमवारी शेटजी बघणार आहेत.

आधी सोपं होतं.
पडद्याची मेमरी म्हणजे उघडी गल्ली.
ए-शून्य-शून्य-शून्य म्हणायचं, सरळ आत शिरायचं,
बोट टेकवलं की ठिपका उमटला.
कुणी विचारत नव्हतं, कुणाचा रे तू.

पण प्रोग्रॅम वाढला, सहाशे चाळीस केबीत मावेना,
म्हणून प्रोटेक्टेड मोडात राहायला गेलो.
जागा ऐसपैस. पण दारोदार राखणदार,
आणि जुना पत्ता सांगितला की
पांढऱ्या अक्षरांत रजिस्टरांचा पंचनामा.
जनरल प्रोटेक्शन फॉल्ट.
त्या रात्री अकरा वेळा. मोजले,
कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मग रीतसर परवानगी.
आत जाऊ का, एक पिवळा ठेवायचाय.
जा.
आत जाऊ का, त्याच्या शेजारी एक नारिंगी.
जा.
आत जाऊ का.
चौसष्ट हजार ठिपके, चौसष्ट हजार अर्ज,
तलाठ्याच्या दारात उताऱ्यासाठी बसावं तसा बसलो.
ज्वाळा वरून खाली ओघळत यायची,
निम्मी आत्ताची, निम्मी मघाची,
मध्ये एक आडवी रेघ थरथरत.

तातोबा चहा घेऊन आला. रात्रपाळीचा ओतारी,
भुवया कधीच्या जळालेल्या, परत न आलेल्या.
कपात फुंकर घालत उभा राहिला बराच वेळ.
"चमच्यानं ओततोयस व्हय रे?"

मी काही बोललो नाही.

"रस थांबत थांबत सोडला न्हवं,
तर आदीचा निवतोय, मागचा त्याला धरत न्हाई.
मधी शिवण पडती. कोल्ड शट म्हणत्यात.
दिसायला केसाएवडी. पर पंप फुटतोय तो तितंच.
लॅडल आदी भरून घे. पुरती.
मग एका दमात, हात न थांबवता."
आणि कप तिथंच ठेवून गेला.

राखणदाराकडे एकदाच गेलो.
सगळ्या गल्लीचा मिळून एक सिलेक्टर मागितला,
इथून सुरू, चौसष्ट केबीला संपते,
किल्ली खिशात टाकली. आता विचारणं नाही.
चित्र बाजूला काढलं, साध्या मेमरीत,
तिथे कुणाची नजर नसते,
चुकलं तर पुसा, परत रंगवा.
आणि काचेमागचा किरण शेवटची ओळ संपवून
वर जायला वळला, त्या उघडझापेला धरून
चार-चार बाइट, सोळा हजार खेपा,
एकच सूचना, रेप मोव्हएसडी.

ज्वाळा उभी राहिली.
सबंध. शिवण नाही.
मी खुर्चीतून अर्धा उठलेलो,
तातोबाला हाक मारायला तोंड उघडलेलं,
आणि लाइट गेली.

शेडमधून ओरडा. पळणारी पावलं. कुणीतरी कुणाला शिवी.
मेमरीतलं सगळं गेलं, त्याला निवायलाही वेळ लागला नाही.
दाराच्या फटीतून लाल उजेड आत आला
आणि काळ्या काचेवर हलत राहिला,
खालून वर, कुणाला न विचारता.

सोमवारी शेटजी म्हणाले, बेस्ट.
फक्त आकडा जरा मोठा करा, चष्मा लागतो.

जाताना शेडवरून गेलो.
भंगाराच्या ढिगात त्या रात्रीचे तीन पंप पडलेले.
अंधारात तातोबाचा हात थांबलेला, तिथे.
बोट फिरवून बघितलं.
केसाएवढी.