डावीकडची सीट

मगदूम बाई, आधी क्लच सोडा. युरोप नंतर.

नेमिनाथनगरचं मैदान, सकाळचे सहा,
मागच्या सीटवर तुमचे मिस्टर,
मांडीवर नकाशा, नकाशावर आठ देश
पंधरा दिवसांत.
पाच खोडा, सर.
कागदावर वीतभर दिसतं ते
गाडीत कंबरेला कळतं.
दिवसाला अडीचशे किलोमीटर, एका गावात दोन रात्री,
आणि एक दिवस कुठंच न जाण्याचा.
तो आधी लिहा. बाकीचे बसतात आपोआप.

मी गेलेलो नाही कधी.
पण एकतीस वर्षांत हाताखालून सुटलेली पोरं
कुठं कुठं पोचली, तिथून कळवत राहिली.
हजेरीच्या वहीची मागची पानं त्यांनीच भरलीत.

कुपवाडची नसीम सांगते, गाडी ताब्यात घेताना
चारी बाजूंनी फोटो काढा, टायरचेसुद्धा.
ओरखडा आपला की आधीचा, ते फोटोच सांगतो.
आणि क्रेडिट कार्ड लागतं
चालवणाऱ्याच्याच नावाचं.
म्हणजे तुमच्या, बाई.
सर, असं बघू नका.

शीतल चौगुले इटलीत एका जुन्या गावात शिरला,
लाल गोल पाटी बघून न बघितल्यासारखी केली.
सात महिन्यांनी दंडाचं पाकीट माधवनगरला आलं.
आईनं सही करून घेतलं,
तिला वाटलं पोराला कसलंतरी बक्षीस लागलं.

अभिनंदननं फ्रान्समध्ये पेट्रोलच्या गाडीत
टाकीभर गाझोल ओतलं. नाव गॅसोलीनच्या भावासारखं,
निघालं डिझेल.
झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचा,
दोनदा वाचा, मग पाइप उचला.

ऑस्ट्रियात, स्वित्झर्लंडमध्ये
आधी टोलचा स्टिकर, मग हायवे.
आरटीओचा परवाना वर्षभराचा,
पण इथलं लायसन्सही बरोबर हवं,
नुसत्या पुस्तिकेला तिकडं कुणी विचारत नाही.
हॉर्न इथंच ठेवून जा,
कॉलेज कॉर्नरला आम्हाला लागेल.

जेवणाचं म्हणाल,
तर दिवस असेतो जेवायचा नेम तुमचा मोडत नाही.
जूनमध्ये तिकडं साडेनऊलाही ऊन असतं.
उलट भाकरीचं पीठ संपेल, सूर्य संपायचा नाही.

आता वळण.
उजवं आखडून, डावं ऐसपैस.
आपल्या उलट.
विमानातून उतरल्या उतरल्या चावी घेऊ नका, झोपा.
पहिल्या तासात चूक होत नाही,
तेव्हा भीती शेजारी बसलेली असते.
होते ती चौथ्या दिवशी सकाळी,
रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल भरून बाहेर पडताना,
हात स्वतःहून डावीकडं जातो,
सांगलीला जातो.

आणि स्टिअरिंग तिकडं डाव्या बाजूला असतं,
गिअर उजव्या हाताला.
म्हणजे मी बसलोय ना,
इथंच.

बोललो, आणि पुढचं काही आठवेना.
बाईंनी गाडी बंद केली. सरांनी नकाशा
उलटाच घडी घातला, मग पुन्हा उलगडला.
पुढच्या मंगळवारी रिव्हर्स, म्हटलं. या.

ते गेल्यावर मी उतरलो नाही.
पायाशी ब्रेक आहे, क्लच आहे,
एकतीस वर्षं आहेत.
समोर कप्पा, कप्प्यात पावतीपुस्तक, वर काच.
दोन्ही हात उचलले. हवेत धरले, दहा वाजून दहा मिनिटं.
उजवा खाली आला
तर गिअर होता तिथं. बरोबर तिथं.

मैदानाच्या टोकाला पाण्याचा टँकर वळत होता,
त्याला जाऊ दिलं.
मग आखडून घेतलं एक उजवं वळण.

काचेवर टकटक.
साडेसहाचा पोरगा, हळदीच्या आडतीवरचा, नखं अजून पिवळी.
सर, गाडी बंद आहे.

माहिती आहे, म्हटलं. बस तिकडून.