निवळ

सकाळी सातला मी बांधाच्या पायथ्याला उतरते
बसाप्पाच्या हाटेलातला पेला घेऊन.
काचेचाच लागतो.
स्टीलच्यात आतलं दिसत नाही.

भरावाच्या टाचेला, दगडांच्या फटीतून
करंगळीएवढी धार येते.
मष्णूमामाच्या आधीपासून येते.
तो म्हणायचा, बांध हाय, घामणारच.
घामाला भ्यायचं न्हाई पोरी,
घामाचा रंग बघायचा.

पेला भरायचा, उन्हाकडं धरायचा,
शंभर मोजेपर्यंत हात हलवायचा नाही.
तळाला गाळ बसला नाही तर वहीत लिहायचं : निवळ.
खाली, बादली भरायला लागलेले सेकंद.
एकेचाळीस. चाळीस. एकेचाळीस.
नागपंचमीनंतर अडतीस.

वहीची पहिली पानं निरगंटी सिद्रामप्पाची, कन्नडातली.
मला येतं वाचायला,
खरं बोट ठेवून, तिसरीतल्या पोरासारखं.
तिळी, तिळी, तिळी,
म्हणजे निवळ.
आणि एका पानावर, पेन कागदात घुसेपर्यंत दाबून : राडी.
हा शब्द मला कुणाला विचारावा लागला नाही.
त्या रात्री काय झालं ते वहीत नाही.
मामा सांगायचा, दोन्ही गावची माणसं होती,
शेणखताची पोती रिकामी करून त्यात वाळू भरली,
आणि उजाडल्यावर सगळ्यांच्याच अंगाला वास.

तुबूचं चाक दोन वर्षं अडतंय.
ग्रीससाठी अर्ज केला, मराठीत होता म्हणून परत आला.
मग कन्नडात केला.
तो परत आला नाही.
ग्रीसही आलं नाही.
घाड्यांच्या ट्रॅक्टरचं उरलंसुरलं वंगण लावते,
दर अमावस्येला दोन आटे उघडते, दोन आटे मिटते,
उगीच, हात विसरू नये म्हणून,
त्याचा आणि माझा.

खेकड्यांसाठी पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन येतात.
मी हाकलत नाही.
बिळं दाखवा म्हणते. दहा बिळांना एक प्लेट भजी.
साहेबांच्या पाहणीत तीन सापडली होती,
पोरांनी एका रात्रीत सत्तावीस दाखवली.
बसाप्पाकडं माझी उधारी आहे.

पिंपळाचं मात्र अवघड गेलं.
पिचिंगच्या दगडांतून वर आला, कमरेएवढा,
कुणी दोरा गुंडाळला, कुणी कुंकू.
तुळसाक्का म्हणाली, हात लावशील तर वंश बुडंल.
माझा वंश म्हणजे एक पोरगी,
ती खानापूरला कॉलेजात, फोन उचलत नाही.
मूळ जगलं तर दगड उचलतं,
मेलं तर कुजून मागं नळी सोडतं,
पाण्याला तेवढी पुरते.
हे तुळसाक्काला सांगितलं.
ती म्हणाली, मग दोरा मी सोडते, तू खण.
खड्ड्यात चिकणमाती घातली, थरावर थर,
आम्ही दोघींनी चोपणीनं ठोकली,
ती मध्येमध्ये कायतरी पुटपुटत होती.
पिंपळ बसस्टॉपमागं लावलाय.
पानं गळाली. देठ अजून ओला आहे.

आज पेल्यात धुरकट काहीतरी फिरलं.
शंभर मोजायचं राहूनच गेलं.
पाय बांधाकडं वळलेले, तोंडातून हाक निघत नव्हती,
डोळ्यांसमोर खालची घरं,
परसात वाळत घातलेल्या मिरच्या.
मग वास घेतला.
चहा.
बसाप्पानं पेला विसळला नव्हता.

धारेत तीनदा धुतला, पुन्हा भरला, पुन्हा उन्हाकडं.
पेल्यात उलटा सांडवा दिसत होता,
उलटं आभाळ, उलटा बगळा.
शंभर मोजले. मग आणखी शंभर.
निवळ.

अडतीसचं हिरेमठ साहेबांना कळवलंय.
मंगळवारी येतो म्हणाले.
कुठल्या, ते विचारायचं राहिलं.
बसाप्पाला मात्र सांगितलंय,
हा पेला आता माझा,
ह्यात कुणाला चहा द्यायचा नाही.